विषय: कोथरूडचे शेजारी, नाताळचा केक आणि बाबांची पुस्तिका

प्रेषक: मेलबर्नवाली ताई

नमस्कार मंडळी,
विषय घरगुती आहे पण लिस्टवर पुण्याचे बरेच जण आहेत म्हणून इथेच टाकतेय. आई-बाबा कॅम्पातलं जुनं घर सोडून कोथरूडला सोसायटीत राहायला गेलेत. आम्ही मराठी ख्रिस्ती, कॅम्पात शेजारपाजार म्हणजे निम्मी चर्चचीच माणसं होती. कोथरूडला लोक चांगले आहेत, त्रास काही नाही, पण सगळं लिफ्टमधल्या "काय काका, बरंय ना" वर संपतं. आता बाबांनी ठरवलंय की नाताळात प्रत्येक फ्लॅटला केक, सोबत येशूची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका, आणि जमलं तर चर्चतर्फे पार्किंगमध्ये मोफत आरोग्य शिबिर. मला का कोण जाणे पुस्तिकेचं टेन्शन आलंय. काय सांगू त्यांना?

प्रेषक: गुरुवार पेठेतले काका

ताई, सलाम.
केक द्यायचाच, करंज्या-चकल्याही द्या, आपल्याकडे नाताळचा फराळ असतो हे अजून कितीतरी जणांना माहीत नसतं. पुस्तिका राहू दे. शिबिराबद्दल पण माझं जरा वेगळं मत आहे. आपल्या मंडळींना कायम देणाऱ्याच्या जागी उभं राहायची सवय लागलीये, शाळा आपली, दवाखाना आपला, दुष्काळात अन्न आपलं. ते वाईट कोण म्हणेल, १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला कितीजणींना आसरा दिला. पण शेजार त्याने जमत नाही हो, कारण देणारा वर आणि घेणारा खाली राहतो. बायबलमधला योहान ४ काढून बघा, शोमरोनी बाईशी येशूचं बोलणं सुरू कुठून होतं? "मला प्यायला पाणी दे." यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, आणि इथे यहुदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पाणी मागतोय, तीच चकित होते. लोक ज्याला पापी म्हणायचे त्या जकातदार जक्कयकडेही तो स्वतः पाहुणा म्हणून उतरला.

म्हणून बाबांना सांगा, आधी काहीतरी मागा. प्लंबर कोण चांगला, पेन्शनचं लाइफ सर्टिफिकेट मोबाइलवर कसं भरायचं, काहीही. आणि शेजारून वाटी आली तर रिकामी परत पाठवायची नाही, हे आईंना सांगायला नको.

आमच्या पेठेत या घेण्यादेण्यावरून काय रामायण झालंय ते ऐका. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळी कार्यक्रमाला आली, चहा-बिस्किटं पुढे आली, कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात घेतला. पुढे 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात नावं छापून आली, ग्रामण्य म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहा देणाऱ्या मिशनऱ्यांचं काय गेलं? किंमत मोजली ती घेणाऱ्यांनी. आता निदान घ्यायची पाळी आपली.

प्रेषक: सदाशिव पेठ, सध्या डॅलस

काका, पटलं, पण स्पष्ट बोलू का, राग मानू नका. आमच्या सोसायटीत एक ख्रिस्ती कुटुंब होतं, आई गणपतीचा प्रसाद घेऊन गेली की दारातूनच "आम्ही नाही घेत". तिला फार लागायचं ते. मग तुमच्या "घ्या" मध्ये प्रसाद बसतो का? आणि दुसरं, मदतीमागे काहीतरी असणार ही शंका काही हवेतून आलेली नाही. १८९३ ला शारदा सदनाच्या, म्हणजे रमाबाईंच्या विधवा-मुलींसाठीच्या शाळेच्या, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, ते काही सनातनी नव्हते. तिथे धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं ना?

प्रेषक: नाना पेठकर

मध्येच बोलतो. काकांच्या यादीत एक भर, क्वार्टर गेटजवळच्या आमच्या सिटी चर्चची जागाच सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली, १७९२ ला, त्यांच्या सैन्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी. म्हणजे पुण्यात आपली सुरुवातच घेण्यापासून आहे. बाकी चालू द्या.

प्रेषक: गुरुवार पेठेतले काका

नाना पेठकर, वा, हे लिहायला हवं होतं मी.

डॅलसकर, राग कसला. प्रसादावर आमच्यात दोन मतं आहेत आणि गंमत म्हणजे दोघंही बायबलमधलं पौलाचंच पत्र दाखवतात. करिंथकरांस पहिलं, अध्याय १०: कुणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा, चौकशा करू नका, पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. मी मोदक खातो. माझा धाकटा भाऊ खात नाही, त्याची सद्सद्विवेकबुद्धी त्याच्यापाशी. पण तोही दारातून नाही म्हणत नाही, आत बोलावतो, चहा टाकतो, नीट सांगतो, आणि मांडवाच्या खुर्च्या लावायला सगळ्यात आधी हजर असतो. तुमच्या आईंना लागलं ते मोदकापेक्षा त्या अर्धवट उघडलेल्या दाराचं असावं.

शारदा सदनाचं तुम्ही म्हणता ते खरंय. रमाबाईंची बाजू अशी की माझी प्रार्थना मी दार उघडं ठेवून करते, बोलावत कुणाला नाही, आलेल्याला घालवत नाही. त्यात फसवणूक नव्हती असं मी मानतो, पण आईबापांनी पोरी पाठवल्या त्या वेगळ्या भरवशावर, आणि भरवसा गेला की हेतू किती चांगला होता हे कोण ऐकतंय. म्हणून केकखाली पुस्तिका नको. कुणी विचारलं तर मी माझ्या प्रभूबद्दल तासभर बोलेन, बायको थांबवेपर्यंत.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो बघा की, वसईच्या हिरवाईसाठी बिल्डरांशी भांडले तेव्हा सोबत सगळ्या धर्मांचे वसईकर होते. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते पण फादर म्हणूनच, झगा कुठे लपवला होता? बाबांनी सोसायटीच्या कमिटीत शिरावं. ओला कचरा आणि पार्किंग यावर भांडल्याशिवाय पुण्यात कुणी कुणाला ओळखत नाही.

प्रेषक: मेलबर्नवाली ताई

सगळ्यांचे आभार. बाबांना तुमचे मेल वाचून दाखवले. शिबिर आता कमिटीला विचारून, सोसायटीच्याच नावाने, आणि तपासायला तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर काकू, हे त्यांना पटलंय. आईने शेजारून चकलीचा सोऱ्या मागून आणलाय, स्वतःचा माळ्यावर असून! पुस्तिकेवर मात्र बाबा अडून आहेत, म्हणतात मग मी माझ्या श्रद्धेची साक्ष कधी द्यायची, मेल्यावर? काका, तुम्हीच एकदा बोला ना त्यांच्याशी, नंबर वेगळ्या मेलने पाठवते. संध्याकाळी सातच्या बातम्या सोडून कधीही करा.