पर्ल क्रिटिकचं ऐकून सगळे ‘रिटर्न अनडेफ’ काढले आणि बिलावर फोनच्या जागी ‘पिन’ छापून आलं

खराडी_नाईटशिफ्ट:
नमस्कार मंडळी, खराडीला एका कंपनीत आहे, तीन महिन्यांपूर्वी माझ्या गळ्यात एक जुना पर्लचा बिलिंग कोड पडलाय, लिहिणारे सगळे कधीच सोडून गेलेत आणि टेस्ट जवळजवळ नाहीतच. सर म्हणाले आधी पर्ल क्रिटिक, म्हणजे पर्ल कोडमधल्या धोक्याच्या जागा दाखवणारं टूल, लावून बघ. लावलं तर नुसत्या डिफॉल्टला, म्हणजे सिव्हिरिटी ५ ला (फक्त सर्वात गंभीर नियम), ढीगभर ओळी आल्या आणि त्यातल्या बहुतेक एकाच नियमाच्या, ‘प्रोहिबिट एक्सप्लिसिट रिटर्न अनडेफ’. सबरूटीनमधून (म्हणजे फंक्शनमधून) ‘रिटर्न अनडेफ’, म्हणजे ‘व्हॅल्यूच नाही’ असं उत्तर, देऊ नका, नुसतं ‘रिटर्न’ लिहा एवढंच म्हणणं. मला वाटलं सोप्पंय, सेड (शोधून बदलायची कमांड) मारला, सगळीकडचं अनडेफ उडवलं, रिपोर्ट स्वच्छ.

दोन दिवसांनी सपोर्टमधून फोन की काही ग्राहकांच्या बिलावर फोन नंबरच्या जागी ‘पिन’ हा शब्द येतोय आणि पिनकोडची जागा रिकामी. रात्री दोनला सापडलं. एक हॅश बनतो, म्हणजे की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांची यादी, त्यात नाव, मग फोन, मग पिन, आणि फोनची व्हॅल्यू एका सबरूटीनला कॉल करून तिथल्या तिथे घेतलीये. ज्याचा फोन नोंदलेला नाही त्याच्यासाठी आधी अनडेफ यायचं, आता काहीच येत नाही, त्यामुळे ‘पिन’ ही की सरकून फोनची व्हॅल्यू झाली आणि ४११०३८ स्वतःच की होऊन बसला.

तर नियम चुकीचा की मी चुकलो? सगळं उलटं फिरवू का? आणि सिव्हिरिटी ४ लावली की ‘रिक्वायर फायनल रिटर्न’ म्हणून अजून एक नियम शेकडो ठिकाणी बोंबलतोय, तिथे पण सबरूटीनच्या शेवटी ‘रिटर्न’ टाकत सुटायचं का? खरं सांगतो, आता हात लावायचीच भीती वाटतीये.

सिंहगडरोड_पर्ल:
अरे थांब थांब, ते दुसरं अजिबात करू नकोस, आधी हे वाच. मी बरीच वर्षं पर्लमध्येच आहे आणि हीच चूक टीममध्ये दोनदा निस्तरलीये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पर्लमध्ये सबरूटीनला कोण कशासाठी बोलावतंय त्यावर नुसत्या ‘रिटर्न’चा अर्थ बदलतो. एक व्हॅल्यू हवी असेल, म्हणजे स्केलर कॉन्टेक्स्ट, तर अनडेफ मिळतं. यादी हवी असेल तर रिकामी यादी मिळते. ‘रिटर्न अनडेफ’ मात्र यादीच्या ठिकाणी पण एक घटक देतं, आणि तो घटक अनडेफ असतो. आता समज एक सबरूटीन थकबाकीदारांची यादी देतं आणि कुणीच सापडलं नाही तर ‘रिटर्न अनडेफ’ करतं. बोलावणारा अ‍ॅरेमध्ये घेतो आणि इफमध्ये तपासतो की अ‍ॅरेत काही आहे का. आहे ना, एक अनडेफ आहे! इफ खरा ठरतो आणि पुढे नसलेल्या माणसाला नोटीस जाते. नियम ह्यासाठी केलाय आणि ह्यासाठी तो अगदी बरोबर आहे. हे दोन्ही नियम डेमियन कॉनवेच्या २००५ च्या ‘पर्ल बेस्ट प्रॅक्टिसेस’मधून आलेत, कुणाच्या लहरीतून नाही.

पण तुझं फोनवालं सबरूटीन यादी देणारं नाहीच, ते कायम एकच गोष्ट देतं. आणि हॅशच्या कंसात किंवा दुसऱ्या फंक्शनच्या आर्ग्युमेंटमध्ये कॉल केला की ती जागा यादीची असते, तिथे नुसतं ‘रिटर्न’ म्हणजे एक खुर्चीच गायब, मागचे सगळे एक एक पुढे सरकतात. टूलला हे दिसणार कसं? पर्ल क्रिटिक कोड चालवत नाही, पीपीआय नावाच्या पार्सरने मजकूर वाचतं, एका वेळी एक फाइल. बोलावणारा दुसऱ्या फाइलमध्ये बसलाय हे त्याच्या गावी पण नाही. ते तुलाच बघावं लागणार.

म्हणून सगळं उलटं फिरवू नकोस. प्रत्येक सबरूटीनचं नाव ग्रेप कर (सगळ्या फाइल्समध्ये शोध) आणि कॉल कुठे कुठे बसलाय ते बघ. हॅशमध्ये किंवा आर्ग्युमेंटमध्ये बसला असेल तर कॉलच्या आधी ‘स्केलर’ लाव, किंवा आधीच्या ओळीत साध्या व्हेरिएबलमध्ये घे आणि मग ते व्हेरिएबल हॅशमध्ये टाक, मला दुसरं जास्त आवडतं कारण नंतर वाचणाऱ्याला लगेच कळतं. आणि जिथे खरोखर नेहमी एकच व्हॅल्यू द्यायची आहे तिथे ‘रिटर्न अनडेफ’ ठेव आणि त्या ओळीवर ‘नो क्रिटिक’ची कॉमेंट लिही, पण कंसात नियमाचं नाव टाकून. मोघम ‘नो क्रिटिक’ लिहिलंस तर त्या ओळीवरचे बाकीचे नियम पण गप्प होतात.

आता ‘रिक्वायर फायनल रिटर्न’. पर्लमध्ये रिटर्न लिहिलं नाही तर शेवटी जे एक्स्प्रेशन चाललं त्याची व्हॅल्यू परत जाते. जुन्या कोडमध्ये लोकांनी मुद्दाम शेवटच्या ओळीत नुसता हॅशमधला रेट लिहून ठेवलेला असतो, तोच उत्तर म्हणून जातो. तू त्याच्या खाली रिकामं ‘रिटर्न’ टाकलंस की टूल खूश आणि रेट गेला! म्हणजे तुझा पहिला अपघात परत, फक्त आणखी मोठा. तिथे त्या शेवटच्या ओळीच्याच आधी ‘रिटर्न’ हा शब्द लावायचा, नवीन ओळ नाही. रिकामं ‘रिटर्न’ फक्त तिथे, जिथे बोलावणारा कुणीच उत्तर वापरत नाही. शेवटी फॉर लूप असेल तर मात्र काय परत जाईल ह्याचा भरवसा नाही, ती आधी बघ, खरे बग तिथे सापडतात.

गाडीवाला_एम्बेडेड:
मी पर्लवाला नाही, चाकणला गाड्यांच्या ईसीयूचं (गाडीतल्या कंट्रोल कॉम्प्युटरचं) सी मध्ये काम करतो, पण वाचून राहवलं नाही. आमच्याकडे मिस्रा सी २०१२ ही सुरक्षित सी कोडची नियमावली आहे, त्यातला नियम १७.४ म्हणतो की व्हॉइड नसलेल्या (म्हणजे उत्तर देणाऱ्या) फंक्शनच्या प्रत्येक वाटेवर व्हॅल्यूसकट रिटर्न पाहिजेच, आणि हा मँडेटरी आहे, म्हणजे ह्यातून सूट घ्यायची सोयच नाही. १७.७ त्याची दुसरी बाजू, परत आलेली व्हॅल्यू वापरलीच पाहिजे, टाकून द्यायची असेल तर व्हॉइडला कास्ट करून तसं लिहून दाखवा. १५.५ म्हणतो फंक्शनमधून बाहेर पडायची जागा एकच, शेवटी, पण तो फक्त अ‍ॅडव्हायजरी, म्हणजे सल्ला. ह्यावरून आमच्याकडे वाद होतात, कारण एकच रिटर्न ठेवायच्या नादात लोक इफच्या आत इफ अशा पाच पाच पायऱ्या करतात. माझं मत, १७.४ आणि १७.७ साठी भांडावं, १५.५ साठी नाही. प्रत्येक नियमाची जात आधी बघा आणि मग वेळ घाला.

खराडी_नाईटशिफ्ट:
ताई, खूप खूप धन्यवाद, हे मला कुणी ऑफिसात सांगितलंच नव्हतं. आत्ता ग्रेप करून बघितलं तर कॉल हॅशमध्ये बसलाय अशी अजून अकरा ठिकाणं निघाली, त्यातलं एक जीएसटी नंबरचं आहे, बघूनच घाम फुटला. एक विचारायचं होतं, वॉर्निंग्ज चालू असत्या तर हे आधी कळलं असतं का?

टेकडीवर_सकाळी:
थोडं कळलं असतं. एक खुर्ची गेली की घटक विषम होतात आणि पर्ल ‘ऑड नंबर ऑफ एलिमेंट्स’ अशी वॉर्निंग देतं, लॉगमध्ये शोध, कदाचित पडलेल्या असतील. पण एकाच हॅशमध्ये दोन कॉल रिकामे आले तर घटक परत सम होतात आणि वॉर्निंग येतच नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

आणि हे फक्त बिल बिघडण्यापुरतं नाहीये. २०१४ मध्ये बगझिला ह्या बग नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ह्याच जातीची गोष्ट निघाली होती, सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीत तिचा क्रमांक सीव्हीई २०१४-१५७२. तिथे उलटं झालं, हॅशमध्ये सीजीआयच्या ‘पॅरॅम’चा (वेब फॉर्ममधली व्हॅल्यू देणाऱ्या फंक्शनचा) कॉल होता, फॉर्ममधून ‘रिअलनेम’ एकापेक्षा जास्त वेळा पाठवलं की एक व्हॅल्यू यायच्या जागी पूर्ण यादी आली, जास्तीच्या घटकांनी लॉगिन नेमची की परत लिहिली, आणि ईमेल तपासून झालेला असताना दुसऱ्याच पत्त्याने खातं उघडता आलं. खुर्ची कमी झाली काय आणि जास्त झाली काय, बाहेरचा माणूस ठरवू शकत असेल तर ती सिक्युरिटीची भानगड आहे. तुमच्या अकरापैकी ज्यात ब्राउझरमधून आलेला डेटा आहे ती आजच करा.

सिंहगडरोड_पर्ल:
हो, ह्यांचं ऐक, आधी ती. आणि सिव्हिरिटी ५ मध्ये अजून एक आहे, ‘प्रोहिबिट रिटर्न सॉर्ट’, तो आला असेल तर दुर्लक्ष करू नकोस, स्केलर कॉन्टेक्स्टमध्ये सॉर्ट काय देईल ते पर्लने ठरवलेलंच नाही. सॉर्ट केलेलं अ‍ॅरेमध्ये घे आणि तो अ‍ॅरे रिटर्न कर. प्रत्येक सबरूटीन बदलायच्या आधी दोन टेस्ट तरी लिही, एक स्केलरमध्ये बोलावून आणि एक यादीत बोलावून, दहा मिनिटांचं काम आहे. अडलास तर इथेच टाक, रात्री दहानंतर असते मी.

खराडी_नाईटशिफ्ट:
जीएसटीवालं झालं, दोन्ही टेस्ट पास. सेडचा बदल (कमिट) मागे घेत नाहीये, उरलेली दहा एक एक करून बघतोय, उद्या सॉर्टचं टाकतो.