बिडिंग पक्कं झालं की खेळ आपोआप येतो? नाही येत.

उतारी_चौथी

परवा इथे ब्रिज शिकण्याबद्दल ‘तीन महिन्यांत टूर्नामेंटला तयार’ असा लेख आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देतो. पहिल्या महिन्यात स्टेमन, ट्रान्सफर, ब्लॅकवुड. दुसऱ्या महिन्यात मायकल्स, स्प्लिंटर, ड्रुरी, लेबेनसोल. तिसऱ्यात की-कार्ड १४३० आणि क्यू-बिडिंग. ही सगळी कन्व्हेन्शन, म्हणजे बिडिंगमधले (किती हात करणार त्याच्या बोलीतले) ठरवून घेतलेले इशारे. आणि शेवटचं वाक्य, “बिडिंग पक्कं झालं की खेळ आपोआप येतो.” खाली सगळे वाहवा करताहेत, म्हणून वेगळा धागा काढला.

खेळ आपोआप येत नाही. रविवारी सकाळी मी नवख्यांना शिकवतो. असाच अभ्यासक्रम करून आलेला एक मुलगा आहे, हुशार. लेबेनसोल त्याला झोपेतून उठवून विचारा. गेल्या रविवारी तो तीन नोट्रम्प (हुकुमाशिवाय नऊ हात) खेळत होता. वरचे आठ हात दिसत होते, नववा हवा होता. विरोधकांचे इस्पिक मोकळे झालेले, म्हणजे एकदा हात सुटला की खेळ खलास. डमीत (पार्टनरच्या उघड्या ठेवलेल्या पानांत) किल्वर एक्का-राजा-चौकी-दुर्री, त्याच्याकडे राणी-छक्की-तिर्री. डमीत बदाम एक्का-राणी, त्याच्याकडे नुसते बारके. त्याने पान हातात आल्याबरोबर बदामची फिनेस मारली, म्हणजे राजा डमीच्या आधी खेळणाऱ्याकडे आहे असं धरून राणी टाकली. राजा मागे. डाऊन.

किल्वरची सहा पानं बाहेर आहेत. ती ३-३ असण्याची शक्यता ३६ टक्के. राणी घ्या, मग डमीतले एक्का-राजा घ्या. ३-३ पडली तर चौकी उभी राहिली, बदामला हात लावायचं कारणच उरलं नाही. नाही पडली तर चौकटीच्या राजाने हातात या आणि तीच फिनेस मारा, ती कुठे पळून गेलेली नाही. ३६ अधिक उरलेल्या ६४ चे निम्मे, ६८ टक्के. त्याने ५० घेतले.

हे मी विचारल्यावर तो म्हणाला, “सर, बिडिंग तर बरोबर होतं ना?”

डमी खाली आली की थांबायचं. हात मोजायचे. कमी पडणारा हात कुठून कुठून येऊ शकतो ते बघायचं, आणि ज्या वाटेवर हात सुटत नाही ती आधी चालायची. यासाठी एकही कन्व्हेन्शन लागत नाही. पहिले सहा महिने एक-नोट्रम्प, मेजरला (इस्पिक-बदामला) सपोर्ट आणि टेकआउट डबल (पार्टनरला बोलायला लावणारी डबल) एवढंच शिकवा. बाकी सगळा वेळ पत्ते.

स्लॅम_शोधक

तो लेख माझा आहे. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं.

तुमचं उदाहरण छान आहे, पण हिशेब अर्धा आहे. व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही जास्त) असताना सहा इस्पिक, म्हणजे बारा हातांची स्लॅम, बोलून केले तर १४३०. चार बोलून सहा केले तर ६८०. फरक ७५०, म्हणजे १३ इम्प (टीम-सामन्यातले गुण). तुमच्या त्या सुंदर खेळाने काढलेला जादा हात ३० गुणांचा, १ इम्प. बोललेच नाहीत तर खेळणार काय?

गेमचंही (बोनस देणाऱ्या बोलीचं, जसे चार इस्पिक, दहा हात) तेच. व्हल्नरेबल चार इस्पिक होत असताना दोनवर थांबलात तर १० इम्प गेले. न होणारी गेम बोलून एक डाऊन गेलात तर ६ च गेले. म्हणजे ३८ टक्के शक्यता असली तरी बोलायचं. हे बिडिंगशिवाय कसं कळणार? सहा महिने नवख्याला ‘पत्ते मोज’ म्हणत बसवलंत तर तो दुसऱ्या महिन्यात कंटाळून रमीकडे जाईल.

उतारी_चौथी

ती ३८ टक्के कोणाची? ज्याला ती काढता येते त्याची. तुमच्या विद्यार्थ्याच्या हातात तोच बोर्ड (वाटलेला डाव) २५ टक्क्यांचा होतो, मग तुमचं गणित उलटं फिरतं. तो जितकी जास्त गेम बोलेल तितका जास्त बुडेल.

आणि इम्पचा हिशेब पेअर्सला (जोड्यांच्या स्पर्धेला, जिथे तोच बोर्ड खेळलेल्या बाकीच्या जोड्यांशी तुलना होते) लावू नका. जिमखान्यात दर आठवड्याला पेअर्स होतात. तिथे तोच ३० गुणांचा जादा हात कधी कधी टॉप आणि ॲव्हरेजमधला फरक असतो.

कृष्णाकाठ

दोघंही मुळाकडे जात नाही आहात. पत्त्यांची जाण ब्रिजच्या क्लासात येत नाही, लहानपणी येते. आमच्या सांगलीच्या घरी गौरी-गणपतीत रात्रभर मेंढीकोट चालायचा. कुठली मेंढी निघाली, हुकूम कोणाकडे संपला, कोण भिडूला पान दाखवतोय, हे आठ वर्षांच्या पोरालाही ठाऊक असायचं. माझ्या आत्याने आयुष्यात फिनेस हा शब्द ऐकला नव्हता. पण दश्शी टाकताना ती वरचं पान कोणाकडे आहे ते ओळखून टाकायची. हल्ली घरात पत्त्यांचा जोडच नसतो. ज्याने कॉलेजपर्यंत लाडीस खेळला नाही त्याला तुम्ही ३-३ आणि ४-२ चे टक्के सांगताय. त्याला तेरा पानं हातात नीट धरता येत नाहीत.

स्लॅम_शोधक

काका, मेंढीकोट खेळलेले लोकच माझ्याकडे सगळ्यात वाईट सवयी घेऊन येतात. एक्का आला की पहिल्याच हाताला आपटायचा, राजावर राजा, आणि हुकूम शेवटपर्यंत जपून ठेवायचा. विरोधकांचे हुकूम आधी काढून घ्यायचे हे त्यांच्या गळी उतरवायला महिने जातात.

कृष्णाकाठ

सवयी सुधारतात. जाण नसली तर सुधारायला काही नसतं.

रेडिंगची_मावशी

मी इंग्लंडमधून लिहितेय. आमच्याकडे ॲकॉल ही बिडिंगची पद्धत, एक नोट्रम्प वरच्या पानांच्या १२ ते १४ गुणांवर. त्यामुळे तुमच्या १५-१७ च्या क्लबांपेक्षा आमची रचना वेगळी आहे, पण दुखणं तेच आहे. नवीन माणूस टिकत नाही, आणि त्याचं कारण अभ्यासक्रम नाही. कारण तो कागद आहे.

संध्याकाळ संपली की सगळ्या बोर्डांची छापील पानं वाटतात. प्रत्येक बोर्डाखाली संगणकाने लिहिलेलं असतं, कुठल्या बाजूला किती हात होतात. आमच्याकडे एक नवी बाई आली होती. चार इस्पिक खेळली. दोन्ही हातांत मिळून नऊ हुकूम, राणी बाहेर. तिने एक्का-राजा घेतले, राणी पडली नाही, एक डाऊन. नऊ पानांत ड्रॉप (एक्का-राजावर राणी पडेल असं धरणं) फिनेसपेक्षा किंचित वरचढ आहे, तिने पुस्तकात आहे तेच केलं. पार्टनरने तो कागद तिच्या नाकासमोर धरला: “इथे दहा लिहिलेत. दहा!” चार टेबलांवर ऐकू गेलं. ती परत आली नाही.

त्या कागदाला बावन्न पानं दिसतात! राणी कुठे आहे ते त्याला माहीत आहे. टेबलावरच्या माणसाला सव्वीसच दिसतात. हा फरक न कळणारा माणूस क्लबात इतकी वर्षं काढून काय शिकला?

पेन्शनर_पास

मावशी, थोडं कठोर व्हायला शिका. आमच्या बँकेच्या टीममध्ये सीनियर साहेब प्रत्येक बोर्डानंतर सगळ्यांसमोर सोलून काढायचे. म्हणून आम्ही शिकलो. मला एकदा पानं गोळा करायच्या आत विचारलं, “दुसऱ्या चौकटीला तुझा पार्टनर काय टाकून गेला?” मला सांगता आलं नाही. त्यानंतर आजतागायत माझं टाकलेल्या पानांकडे दुर्लक्ष झालेलं नाही. गोड बोलून ब्रिज येत नसतो. आजकाल कोणाला काही बोललं की लगेच रुसतात.

रेडिंगची_मावशी

तुमच्या साहेबांनी तुम्हाला प्रश्न विचारला. माझ्या बाईला कोणी प्रश्न विचारला नाही, तिची लाज काढली. हा फरक तुम्हाला कळत नसेल तर तुमच्यासमोर बसणाऱ्याची मला काळजी वाटते.

आणि हा स्वभावाचा प्रश्न नाही. ड्युप्लिकेटच्या नियमांत कलम ७४ आहे. दुसऱ्या खेळाडूला अवघडायला होईल असं बोलायचं नाही. पार्टनरलाही लागू. डायरेक्टर दंड करू शकतो. करत नाहीत, कारण ओरडणारा बहुधा जुना सभासद असतो.

पेन्शनर_पास

कलमं काढायला लागल्या. माझ्यासमोर एकच पार्टनर अजून बसतो आहे, त्याला काही त्रास दिसत नाही.

स्लॅम_शोधक

मावशींच्या कागदाबद्दल बोलतो. कागद वाईट नाही. घरी नेऊन बसलं तर त्याच्याइतका चांगला शिक्षक नाही. चार हात समोर ठेवायचे आणि विचारायचं, बिडिंगवरून आणि पहिल्या लीडवरून राणी कुठे आहे हे ओळखता आलं असतं का? पश्चिमेने ओपनिंग केलं असेल आणि त्याचे बाकीचे गुण मोजून दहाच भरत असतील, तर राणी त्याच्याकडेच. पण टेबलावर तो कागद उघडू नये, हे मान्य. माझ्या क्लासात आजपासून बंद.

उतारी_चौथी

वाचणाऱ्यांनी बघा, आत्ता साहेबांनी जे सांगितलं ते मोजणं आहे. विरोधकांचे गुण मोजणं. हे तुमच्या तीन महिन्यांत कुठल्या आठवड्यात येतं?

स्लॅम_शोधक

येत नाही. पण बिडिंगच ऐकलं नाही तर मोजणार काय? ‘त्याने ओपनिंग केलं’ हे बिडिंगच आहे. त्यामुळे तुमचाही मुद्दा पूर्ण जिंकलेला नाही.

नवी_भिडू

तुमच्या भांडणात पडायचं नव्हतं, पण मी तीच ‘टिकत नाही’ वाली आहे, पुण्यातली. नवऱ्याच्या मित्रांसोबत दोन-तीनदा बसले. माझ्या प्रत्येक पानानंतर समोरून सुस्कारा. चौथ्या बोर्डानंतर मला पानंच दिसेनाशी झाली, फक्त समोरचा चेहरा दिसत होता. आता मी ऑनलाइन रोबोंशी खेळते. रोबो सुस्कारा टाकत नाही. बोलीवर टिचकी मारली की तिचा अर्थ समोर येतो. माझे टक्के वाढताहेत. मग मला माणसांच्या क्लबात का यायचं, हे कोणीतरी सांगा.

दुसऱ्याने_बारीक

सांगतो. आणि वर भांडणाऱ्या दोघांनीही ऐकावं, कारण इतका वेळ डिफेन्स (बोली हरलेल्या बाजूचा खेळ) हा शब्द जेमतेम आला आहे.

चारातला एक बोर्ड तुम्ही डिक्लेअरर (बोली जिंकून डमीसकट डाव खेळणारा) असता. एक बोर्ड डमी. उरलेले दोन डिफेन्स. म्हणजे निम्मा खेळ. तरी शिकवताना एकाचा सगळा वेळ बिडिंगला आणि दुसऱ्याचा डिक्लेअररला.

रोबोंच्या बऱ्याच स्पर्धांत सगळ्यात जास्त गुणांची पानं माणसाला देतात. त्यामुळे नवी_भिडू, तुम्ही एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळा डिक्लेअरर होता. टक्के वाढतात, ते त्यातले. डिफेन्समध्ये तुम्ही अठ्ठी टाकून ‘हाच सूट चालव’ म्हणालात तर रोबो तिकडे बघत नाही. माणूस बघतो. नोट्रम्पला पार्टनरने आपलं वरून चौथं पान म्हणून इस्पिकची सत्ती लावली. अकरातून सात वजा करा, चार. सत्तीपेक्षा मोठी चार पानं बाकीच्या तीन हातांत आहेत. डमीत दोन दिसताहेत, तुमच्याकडे एक आहे, म्हणजे डिक्लेअररकडे एकच. हे कळल्यावर तुमच्या तिसऱ्या हाताचं पान बदलतं. हा संवाद आहे. तो समोरच्या माणसासोबतच शिकता येतो, आणि तो माणूस सुस्कारे टाकत असेल तर मुळीच शिकता येत नाही. म्हणून मावशींचं बरोबर आहे आणि पेन्शनर साहेबांचं चूक.

२०१८ ला जकार्तात एशियाडमध्ये ब्रिज पहिल्यांदा आला आणि पुरुषांच्या पेअर्सचं सुवर्ण आपल्याकडे आलं. प्रणब बर्धन साठ वर्षांचे, शिबनाथ सरकार छप्पन्नचे. वीस वर्षांहून जुनी जोडी. वीस वर्षं एकमेकांच्या नाकासमोर कागद धरून जोडी टिकत नाही.

पेन्शनर_पास

ते बंद दाराआड एकमेकांना काय बोलत असतील ते तुम्हाला ठाऊक नाही. पण ठीक आहे. टेबलावर नको, बाहेर बोलावं. एवढं मान्य करतो, यापुढे नाही.

रेडिंगची_मावशी

एवढंही पुष्कळ आहे. आता ते क्लबाच्या फळ्यावर लिहा.

कृष्णाकाठ

मेंढीकोटात भिडूला ओरडलं की आजी पानं काढून घ्यायची. एवढंच सांगून थांबतो.

नवी_भिडू

दुसऱ्याने_बारीक, अकराचा नियम मला कोणीच सांगितला नव्हता. आज रात्री सोळा बोर्ड तेवढंच बघत खेळेन. पण क्लबात यायचं झालं तर पहिल्या दिवशी मला किती कन्व्हेन्शन आले पाहिजेत? इथे दोन आकडे आहेत, तीन आणि जवळपास दहा.

उतारी_चौथी

तीन. स्टेमन हवा असेल तर तो चौथा, तोही चौथ्या महिन्यात. डिफेन्सबद्दल वर जे लिहिलंय ते माझ्या रविवारच्या वर्गात कमी पडतं हे खरं आहे, पुढच्या रविवारपासून अर्धा वेळ लीड आणि सिग्नलला. स्लॅम_शोधक, तुम्ही शेवटचं वाक्य तरी बदला.

स्लॅम_शोधक

वाक्य काढतो. लेबेनसोल तिसऱ्या महिन्यात ढकलतो, क्यू-बिडिंग काढून तिथे मोजणी घालतो. पण स्टेमन आणि ट्रान्सफर पहिल्याच महिन्यात राहणार, त्यावर मी हलणार नाही. एक-नोट्रम्प शिकवून त्याची उत्तरं शिकवायची नाहीत, हे मला पटलेलं नाही.

उतारी_चौथी

ट्रान्सफर ठेवा. ड्रुरी मात्र काढा. नवख्याला पास केलेल्या पार्टनरच्या दोन किल्वरचा अर्थ कळेपर्यंत तो समोरचं काय चाललंय ते विसरलेला असतो.

स्लॅम_शोधक

ड्रुरी राहणार. तिसऱ्या सीटवर हलकं ओपनिंग करायला तुम्हीच शिकवता ना? मग त्याला आवर कोण घालणार?