बायोडेटा चाळणारी एआय प्रणाली जर्मनीत विकायची आहे, जोखीम-तक्ता कसा भरायचा?

बावधनकर
पुण्यातल्या कंपनीचं उत्पादन आहे, ग्राहक जर्मनीतला कारखाना. प्रणाली प्रत्येक अर्जाला ० ते १०० गुण देते, निवड तिथला एचआर करतो. ग्राहकाने युरोपीय एआय कायद्यानुसार जोखीम मूल्यमापन मागितलंय. माहिती-सुरक्षेसाठी वापरतो तोच पाच बाय पाचचा तक्ता (शक्यता गुणिले तीव्रता) भरला तर बहुतेक नोंदी 'मध्यम' येतात. मग 'उच्च जोखीम नाही' असं लिहिता येईल का? निर्णय माणूसच घेतो, म्हणून कलम ६(३) ची सूट ('उच्च जोखीम' मधून वगळणारी) लागू होईल ना? आयएसओ ४२००१ (एआय व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) चं प्रमाणपत्र आहे.

कलमवाचक
नाही, आणि नाही.

'उच्च जोखीम' हा शिक्का तुमच्या तक्त्यातून निघतच नाही. तो कायद्याच्या परिशिष्ट ३ मधून, म्हणजे उच्च जोखमीच्या वापरांच्या यादीतून येतो. त्यातल्या मुद्दा ४ मध्ये नोकरभरतीसाठी अर्ज चाळणं आणि उमेदवारांचं मूल्यमापन करणं स्पष्ट लिहिलंय. तक्त्याचं काम त्यानंतर, कलम ९ (जोखीम व्यवस्थापन) खाली सुरू होतं.

कलम ६(३) ची सूट चार प्रकारच्या कामांना आहे: मर्यादित प्रक्रियात्मक काम, माणसाने आधीच केलेल्या कामात सुधारणा, जुन्या निर्णयांमधली विसंगती दाखवणं, आणि निव्वळ पूर्वतयारी. पण त्याच कलमाच्या शेवटी दार बंद केलंय: प्रणाली व्यक्तींचं प्रोफायलिंग करत असेल तर ती उच्च जोखमीचीच. माणसाचं शिक्षण, अनुभव, नोकरीतला खंड बघून त्याला आपोआप गुण देणं म्हणजे प्रोफायलिंग. पीडीएफमधून फक्त नाव-पत्ता उचलून फॉर्म भरणारं साधन असतं, तर गोष्ट वेगळी होती.

कंपनी पुण्यात असल्याने सुटका नाही. निकाल युरोपीय संघात वापरला जातो, तेवढं पुरतं. तिथे अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागेल (कलम २२). दिलासा एवढाच की मुद्दा ४ साठी बाहेरची तपासणी संस्था लागत नाही, परिशिष्ट ६ प्रमाणे अंतर्गत तपासणी चालते. कागदपत्रं मात्र १० वर्षं जपायची.

आयएसओ ४२००१ चा उपयोग आहे, पण तो व्यवस्थापन पद्धतीचा दाखला. कायद्याचं पालन गृहीत धरलं जातं ते युरोपीय सुसंगत मानकांमुळे, याच्यामुळे नाही. विक्री विभागाला हे आधीच सांगून ठेवा!

तारीख: मूळ कायद्यात परिशिष्ट ३ साठी २ ऑगस्ट २०२६ आहे, ती डिसेंबर २०२७ पर्यंत लांबवण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला. करार करण्याआधी तो मंजूर झालाय का ते तपासा; झाला नसेल तर मूळ तारीखच धरा.

नमुनाचाचणी
तक्त्याबद्दल. गुणाकारात २×४ आणि ४×२ दोन्ही ८ येतात. एकात क्वचित पण एखाद्या गटाचा हक्क डावलला जातो, दुसऱ्यात वारंवार पण किरकोळ गैरसोय होते. हे एका रंगात दाखवणं म्हणजे फसवणूकच. मूलभूत हक्कांच्या नोंदींना तीव्रतेची वेगळी मर्यादा ठेवा: तीव्रता ४ किंवा ५ असेल, तर शक्यता कितीही कमी असो, उपाय लिहिल्याशिवाय नोंद बंद करायची नाही.

शक्यताही 'दर अर्जामागे' मोजून थांबू नका. २ टक्के चुका कमी वाटतात. वर्षाला ५०,००० अर्ज आले तर तेच १,००० माणसं होतात.

नोंदी 'पक्षपात होऊ शकतो' अशा मोघम नकोत. धोका कुठून येतो, ते लिहा. जर्मन बायोडेटावर अनेकदा फोटो आणि जन्मतारीख असते. पदवीचं वर्ष वय सांगतं, नोकरीतला खंड बालसंगोपनाची रजा सांगतो. दोन रकान्यांच्या पीडीएफमध्ये मजकूर गुंतला की अनुभवाची वर्षंच गायब होतात, आणि हा दोष मॉडेलचा नसून पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचा असल्याने मॉडेलच्या चाचणीत सापडत नाही.

मोजमाप: ६०० पुरुषांतले ९० (१५ टक्के) आणि ४०० स्त्रियांमधल्या ४० (१० टक्के) पुढे गेल्या, तर दोन दरांचं गुणोत्तर ०.६७. अमेरिकेतला ०.८ चा नियम (एका गटाचा निवडदर दुसऱ्याच्या किमान ०.८ पट हवा) १९७८ चा, युरोपात तो कायदेशीर सीमा नाही. धोक्याची घंटा म्हणून वापरा. पण स्त्रिया २० च असतील तर २ की ३ यावर १० चे १५ टक्के होतात. लहान भरतीत आकडे एकत्र केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. स्वीकार्य पातळी चाचणीच्या आधी ठरवून लिहा, कलम ९ तेच मागतं.

'माणूस निर्णय घेतो' हा उपाय म्हणून लिहिणार असाल तर एक तपासा: एचआर फक्त वरचे ५० अर्ज उघडतो का? तसं असेल, तर नाकारलेल्यांवर कुणाचीच देखरेख नाही. कटऑफच्या खालचे ५ टक्के अर्ज यादृच्छिक पद्धतीने, गुण लपवून, त्याच यादीत मिसळा. गुणांविरुद्ध निर्णय किती वेळा झाला, त्याची नोंद ठेवा. जवळजवळ कधीच होत नसेल, तर देखरेख कागदावरच आहे.

बावधनकर
सूटचा विषय संपला. दोन गोष्टी राहिल्या: ग्राहकाला व्हिडिओ मुलाखतीत 'आत्मविश्वास' ओळखणारा भागही हवाय. आणि त्यांच्या जुन्या भरतीच्या डेटावर मॉडेल पुन्हा शिकवायचंय.

कलमवाचक
पहिल्याला सरळ नकार द्या. चेहरा किंवा आवाजावरून भावना ओळखणं कामाच्या ठिकाणी कलम ५ ने २ फेब्रुवारी २०२५ पासून बंद आहे (वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून), आणि आयोगाच्या मार्गदर्शिकेनुसार उमेदवारही त्यात येतात. दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत, यातलं जे जास्त ते. लहान कंपनीला जे कमी ते. नाव 'आत्मविश्वास निर्देशांक' ठेवलं म्हणून काही बदलत नाही.

दुसरं: ग्राहकाने स्वतः पुन्हा शिकवलं आणि तो 'भरीव बदल' ठरला तर कलम २५ प्रमाणे ग्राहकच पुरवठादार होतो, सगळ्या जबाबदाऱ्यांसकट. ते टाळायचं असेल तर कोणता डेटा, किती वेळा, कोणत्या चाचण्यांनंतर हे पहिल्याच मूल्यमापनात ठरवून ठेवा; आधी ठरवलेला बदल भरीव धरला जात नाही.

नमुनाचाचणी
त्यात एक जोडा: मागे बाहेरच्या कंपनीचं भाषा-मॉडेल असेल तर त्याची आवृत्ती करारात गोठवा. आवृत्ती बदलली की सगळ्या चाचण्या पुन्हा चालवा, आणि प्रणालीच्या आपोआप होणाऱ्या नोंदी (लॉग) किमान ६ महिने ठेवा, ग्राहकाकडेही. प्रणाली वापरली जाते हे एचआरने उमेदवारांना कळवायचंय, तो मजकूर तुम्हीच लिहून द्या.