'पाहुणे कलाकार' कोणाला म्हणायचं?

खिडकीतली_मांजर:
सोसायटीच्या गणपतीत प्रश्नमंजुषा घेतेय. एक फेरी अशी की मूळचे खेळाडू, पैलवान वगैरे पण पडद्यावर आलेले लोक ओळखायचे. फेरीचं नाव ठेवलं 'पाहुणे कलाकार', चिठ्ठ्या छापून पण झाल्या आणि काल खालच्या मजल्यावरचे काका यादी बघून म्हणतात, "अगं गावसकर 'सावली प्रेमाची'त हिरो होता, आख्खा पिक्चर मुक्काम ठोकणारा पाहुणा कसला?" दुसरा शब्द सांगा, रविवारच्या आत.

वरणफळ:
काका बरोबर बोलले. पाहुणा म्हणजे चहा घेऊन उठणारा. 'मालामाल'मध्ये गावसकर गावसकर म्हणूनच येतो आणि जातो, तो खरा पाहुणा. 'हौशी कलाकार' लिही.

तिरकस:
हौशी नको!! हौशी म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेवाले, ऑफिस सुटलं की डबा घेऊन तालमीला पळणारे. मी दहा वर्षं त्यातलाच. १९८५च्या 'कभी अजनबी थे'त संदीप पाटील हिरो आणि किरमाणी व्हिलन, त्यांचा आमच्या हौशीशी काय संबंध? सरळ कॅमिओ लिही, सगळ्यांना कळतं.

अनुस्वार:
कॅमिओ हा मुळात दागिन्यातला शब्द, खड्यावर उठावात कोरलेला चेहरा. तो उसना कशाला? मराठीत 'झळकणे' आहे की. 'झळकलेले चेहरे' करा.

तिरकस:
झळकणे पेपरवाल्यांनी पार वापरून चोथा केलाय. दहावीच्या यादीत पोरगं झळकतं, चौकातल्या फ्लेक्सवर भावी नगरसेवक झळकतो, आणि गुंतवणूक बुडाली की झळ पण आपल्यालाच. त्याच धातूतला असणार.

अनुस्वार:
झळ आणि झळक एकच म्हणून कोणी सांगितलं? मनाला येईल ती व्युत्पत्ती लावू नका.

वरणफळ:
माझी पण एक घ्या मग. पाहुणा 'पाहणे'वरून, येतो, नुसतं पाहतो, कामाला हात लावत नाही. आमच्याकडे मे महिन्यात प्रत्यक्ष सिद्ध होतं :)

अनुस्वार:
छान आहे पण चूक. संस्कृत प्राघुण, त्याचं प्राकृतात पाहुण. पाहण्याशी संबंध नाही.

रंकाळ्याकाठी:
तुमचं सगळं पुण्या-मुंबईचं चाललंय. आमच्याकडं पाहुणे म्हणजे सोयरे. सोयरीक जमली की कायमचे पाहुणे, सासरा म्हातारा होऊन वारला तरी पाहुणाच. आणि अनोळखी माणूस पण पाव्हणं, यष्टीत दारात उभारला की कंडक्टर म्हणतोच, "ओ पाव्हणं, आत सरका की." त्यामुळं गावसकर हिरो असला तरी पाहुणा चालतोय, काकांना सांगा.

वरणफळ:
हे पटलं बुवा. पण मग डॉक्टर लोकांचं काय? लागू कान-नाक-घशाचे, घाणेकर दातांचे, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. तेही पाहुणेच?

तिरकस:
लागूंना पाहुणा म्हणालात तर आमच्या तालमीच्या हॉलमध्ये पाऊल टाकू देणार नाही. तिथे डॉक्टरकी पाहुणी होती.

अनुस्वार:
मग फरक कसा ठरवायचा? वर्षं मोजून की पिक्चर मोजून? दारासिंगांनी तर कुस्ती आणि पिक्चर दोन्ही मनसोक्त केलं.

खिडकीतली_मांजर:
अहो शब्द?? काका सकाळी लिफ्टमध्ये भेटले, आता म्हणतात 'कलाकार'पण काढ, स्वतःचंच काम करणारा कलाकार कसा. म्हणजे चिठ्ठीवर काहीच उरत नाही. साठ चिठ्ठ्या आहेत, पांढरी पट्टी चिकटवत बसलेय.

रंकाळ्याकाठी:
पट्टीवर 'पाव्हणं' लिवा. बरं, यादीत 'महाभारता'तला भीम घेतलाय का? प्रवीण कुमार, १९६६ आणि १९७०च्या आशियाई स्पर्धेत चक्रफेकीत सुवर्ण.

अनुस्वार:
थाळीफेक. चक्रफेक कोण म्हणतं?

रंकाळ्याकाठी:
आमचे पीटीचे मास्तर म्हणायचे. थाळी जेवायची असती.

तिरकस:
मैदानावर फळ्यावर थाळीफेकच लिहिलेलं असायचं, मी स्वतः तिसरा आलोय. पण हातोडाफेकीला मात्र सगळे हॅमरच म्हणायचे, ते का?