'नॉन-अल्कोहोलिक स्पार्कलिंग वाइन'ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती, पुणे
सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला घरीच जेवण आहे. नणंद जर्मनीहून बिनअल्कोहोलच्या स्पार्कलिंग वाइनच्या बाटल्या आणणार आहे. टेबलावर मराठीत पाटी ठेवायची आहे. पाहुण्यांत दोन माळकरी काका आहेत, तेव्हा शब्द खरा हवा, नुसता गोंडस नको. 'फेसाळ द्राक्षारस' चालेल का? आणि नणंदेला बाटली निवडताना काय बघायला सांगू?

वसईहून
'द्राक्षारस' नको. मराठी बायबलमध्ये काना गावच्या लग्नात संपतो तो द्राक्षारसच, आणि तो म्हणजे वाइन. आमच्याकडच्या पाहुण्याने पाटी वाचली तर तो उलटाच अर्थ घेईल. हा घोळ इंग्रजीतही झालेला आहे. 1869 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या थॉमस वेल्च यांनी प्रभुभोजनासाठी, म्हणजे चर्चमधल्या विधीसाठी, द्राक्षाचा रस तापवून, न आंबवता टिकवला आणि तो 'न आंबलेली वाइन' म्हणून विकायला काढला. आज त्याला कुणीही सरळ ज्यूसच म्हणेल.

नाशिकहून
बरोबर, आणि ज्यूस ही वेगळीच चीज आहे. ताई, बाटलीवर 'नॉन-अल्कोहोलिक' दिसलं तरी आत दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, कधी आंबलाच नाही असा रस, त्यात वरून गॅस भरलेला. दुसरी, रीतसर आंबवून वाइन केली आणि मग तिच्यातलं अल्कोहोल काढून घेतलं. पहिल्यात द्राक्षाची साखर जशीच्या तशी, लिटरला दीडशे ग्रॅम किंवा जास्तच. दुसऱ्यात ती यीस्टने खाल्लेली असते आणि आंबताना तयार झालेला वास-स्वाद थोडा तरी उरतो. मुलांना पहिली आवडते. जेवणाबरोबर मात्र दोन घोटांनंतर ती नको होते. तुमच्या पाटीवर यांतली कुठली ते कळलं पाहिजे, मग शब्द कुठलाही घ्या.

सोलापूरहून
मग 'द्राक्षासव' का नको? घरोघरी ठाऊक असलेला शब्द आहे.

नाशिकहून
दादा, आसवात आंबवण्यातून आलेलं अल्कोहोल असतंच! माळकरी काकांच्या पुढ्यात तेच नेमकं नको आहे.

फ्रँकफर्टहून
इथल्या दुकानात हा माल रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काढतात कसं ते. अल्कोहोल एरवी 78 अंशांना उकळतं. तेवढी तापवली तर वाइनचा काढा होईल. म्हणून हवेचा दाब कमी करून तीसेक अंशांवरच ते उडवून लावतात. ऱ्हाइनकाठच्या र्‍यूडेसहाइमच्या कार्ल युंग यांनी 1908 मध्ये याचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे हे फॅड कालचं नाही. मग थंड करून वायू भरतात. जर्मन लेबलवर यासाठी 'एन्टआल्कोहोलिझीर्ट' असा शब्द असतो, म्हणजे अल्कोहोल 'काढून घेतलेली'. मराठीतही मला 'विरहित'पेक्षा 'काढलेली' हेच प्रामाणिक वाटतं. 'विरहित' म्हटलं की मुळात नव्हतंच असं वाटतं, आणि काकांना नेमका तोच फरक महत्त्वाचा असू शकतो.

'काढलेली' म्हणजे शून्य असंही नाही. युरोपात 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं, आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतही त्यापुढेच पेय 'अल्कोहोलिक' ठरतं. नणंदेला '0.0' छापलेलीच घ्यायला सांगा. आणि कुणी 'बिनअल्कोहोलची शॅम्पेन' म्हणून काही दाखवलं तर घेऊ नका. शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका प्रदेशाचं नाव आहे, आणि युरोपच्या 2021 च्या नियमाप्रमाणे असं संरक्षित प्रदेशनाम लावून पूर्ण अल्कोहोल काढलेली वाइन विकता येत नाही.

आता गोडवा. नेहमीच्या स्पार्कलिंगवर 'ब्रूट' म्हणजे लिटरला 12 ग्रॅमच्या आत साखर. 'ट्रोकन' म्हणजे शब्दशः कोरडी, पण तिच्यात 17 ते 32 ग्रॅम! अल्कोहोल काढलेल्यांत तर ते गेल्यावर अंग उरत नाही, आंबटपणा बोचायला लागतो, म्हणून बहुतेक जण साखर घालून सावरतात. तेव्हा पुढच्या लेबलवरचे सुंदर शब्द सोडा, मागचा पोषणतक्ता बघा. 100 मिलीला 4 ग्रॅमच्या आसपास साखर असेल तर जेवणाबरोबर चालून जाते, सहा-सातच्या पुढे मला तरी सरबत वाटतं. द्राक्षाची जात लिहिली असेल तर रीसलिंग किंवा मस्कॅट घ्या. मुळातच वासाची द्राक्षं असली की एवढ्या उपद्व्यापातूनही काहीतरी शिल्लक राहतं.

सोलापूरहून
अल्कोहोल उतरवलं ना? मग 'उतरवलेली वाइन' म्हणा. प्यायल्यावर चढायचाही प्रश्न नाही :)

धागाकर्ती, पुणे
हसले! पण पाटीवर 'उतरलेली' वाचून सासूबाई विचारतील, आंबा उतरतो तशी का ही? नको. आणि 'फेसाळ'चं काय?

वसईहून
'फेस' म्हटलं की बिअर किंवा साबण. स्पार्कलिंगचा फेस ओतताना येतो आणि बसतो, खरी मजा तळापासून वर चढणाऱ्या बारीक बुडबुड्यांच्या माळेत असते. 'फसफसणारी' तर आंबलेल्या पिठाची आठवण देते. 'फेनिल' पुस्तकी. मी 'बुडबुड्यांची वाइन' म्हणेन. ऐकायला बालिश वाटतं, पण एकालाही अर्थ विचारावा लागणार नाही.

फ्रँकफर्टहून
सहमत. यात बुडबुडे नुसते शोभेचेही नाहीत. अल्कोहोल गेल्यावर साध्या, बिनबुडबुड्यांच्या वाइनला जो पाणचटपणा येतो तो वायूच्या चुणचुणीने बराच झाकला जातो. म्हणून पहिल्यांदाच चव घेणाऱ्याला मी साधी लाल कधीच देत नाही, ही देते.

धागाकर्ती, पुणे
ठरलं: 'बुडबुड्यांची वाइन, अल्कोहोल काढलेली (0.0)'. आणखी एक. चव कशी ओळखायची? 'बॉडी', 'फिनिश' असलं बोलणारे आमच्यात कुणी नाही.

नाशिकहून
लागतही नाहीत ते शब्द. बाटली 6 ते 8 अंशांवर गार हवी, त्याहून उबदार झाली की गोडवा अंगावर येतो. ग्लास अर्ध्यापेक्षा कमी भरा, आधी वास घ्या. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, फुलं असलं काही आलं तर छान. नुसता उकडलेल्या फळाचा किंवा मुरंब्याचा वास आला तर जरा निराशा. मग घोट तोंडात क्षणभर थांबवा. आपल्याकडचे शब्द भरपूर आहेत: जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा नीट आहे, हिरड्या आवळल्या तर तुरट, ओठ चिकटले तर गुळचट. गिळल्यावर लगेच काहीच उरलं नाही तर मिळमिळीत. चव जरा रेंगाळली तर पैसे वसूल.

सोलापूरहून
'गुळचट' एकदम चपखल! दुकानदारांनी लेबलवरच छापायला हवा.

नाशिकहून
उघडताना तार सहा अर्धे वेढे फिरवून सैल करा, अंगठा बुचावरून काढू नका. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, म्हणजे ते उडत नाही. यातही दाब असतोच, बिनअल्कोहोलची म्हणून गाफील राहू नका. आणि उरली तर बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. हिला राखायला आत अल्कोहोल नाही, म्हणूनच युरोपातल्या अशा बाटल्यांवर टिकण्याची मुदतही छापलेली असते. नणंदेला ती तारीखही बघून घ्यायला सांगा.