मदत हवी आहे : कायटोसानच्या मण्यांत एमओएफची छिद्रे खुली कशी ठेवावीत?

नमस्कार. नागपुरात पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली आणण्याच्या हेतूने झिर्कोनियमयुक्त यूआयओ-६६ या एमओएफची (धातू-सेंद्रिय चौकट, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा स्फटिकी पदार्थ) भुकटी कायटोसानमध्ये (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे बहुवारिक) बांधून मणी तयार करत आहे, कारण नुसती भुकटी पाण्याबरोबर वाहून जाते. ॲसिटिक आम्लातील मिश्रण सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थेंबाथेंबाने सोडल्यास मणी सुबक होतात. मात्र तीव्र अल्कलीत एमओएफची चौकटच ढासळू लागते, आणि ओव्हनमध्ये वाळवताना आकसणारे कायटोसान उरलेली छिद्रेही बुजवते. अल्कलीऐवजी मणी घट्ट करण्यासाठी वापरले जाणारे ट्रायपॉलिफॉस्फेट मी मुद्दाम टाळले आहे (फॉस्फेट झिर्कोनियमला घट्ट चिकटून फ्लोराइडचीच जागा अडवते). अल्कली किती सौम्य ठेवावी, आणि शीतशुष्कनानंतर (गोठवून निर्वातात वाळवल्यावर) असे मणी पाणी गाळण्याच्या स्तंभात टिकतात का, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.