आतली व्हीएम (आभासी मशीन) रखडते म्हणून तिला रॅम वाढवून द्यायची?

थरावर_थर: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं, "व्हीएमच्या आतली व्हीएम रखडत असेल तर तिला रॅम वाढवून द्या." राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो, वेळ मेमरीतले पत्ते शोधण्यात जातो! ईपीटी (व्हीएमचे पत्ते खऱ्या मेमरीच्या पत्त्यांत बदलणारं कोष्टक) आलं की साध्या व्हीएममध्येच एका टीएलबी मिसला (प्रोसेसरने जवळ ठेवलेल्या पत्त्यांत हवा तो नसला की) ४ ऐवजी २४ वेळा मेमरीत जावं लागू शकतं. नेस्टेडमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत व्हीएम असताना, केव्हीएम (लिनक्सचा हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्राम) दोन्ही थरांची ईपीटी जोडून प्रोसेसरला एकच देतं, म्हणून तो आकडा वाढत नाही. पण मधल्या हायपरव्हायझरने पान (मेमरीचा तुकडा) दिलेलंच नसेल, तर फॉल्ट (पान नसल्याची तक्रार) आधी होस्टकडे, म्हणजे खऱ्या मशीनकडे, तिथून मधल्याकडे, पुन्हा होस्टमार्गे आत. दम तिथे निघतो. रॅम वाढवलीत की नवी पानं, नवे फॉल्ट. नेहमीच्या ४ केबीऐवजी २ एमबीची ह्यूज पेजेस (मोठी पानं) लावा, आणि होस्ट नि मधली व्हीएम दोन्हीकडे लावा. होस्टवर ४ केबी राहिलं तर जोडलेल्या ईपीटीतही ४ केबीच.

रात्रपाळी: ह्यूज पेजेसचा उदो उदो पुरे. आमच्याकडे रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) आहे, तोही लिनक्स ५.८च्या आधीच्या कर्नलवर. टीएचपी (कर्नल आपोआप देतं ती ह्यूज पेजेस) 'ऑलवेज' (सगळ्यांना) असताना स्नॅपशॉटसाठी फोर्क झाला (प्रोसेसची प्रत निघाली) की एक बाइट बदलला तरी २ एमबी कॉपी होतात. रात्री दोनला फोन मला येतो, तुम्हाला नाही.

थरावर_थर: ते सर्वांत आतल्या गेस्टचं (व्हीएमचं) टीएचपी. मी खालच्या दोन थरांबद्दल बोलतेय. वाचून तरी उत्तर द्या.

रात्रपाळी: भाषा सांभाळा. असाच कुणाचा तरी सल्ला वाचून आमच्या एका सीनियरने सरसकट सगळ्या मशिनींवर 'ऑलवेज' केलं होतं. कुठला थर, कुठला नाही, बघितलंच नाही. निस्तरलं मी.

सोळा_जीबी: दोघंही मोठ्या सर्व्हरवाले दिसता. माझ्या लॅपटॉपवर बूटलाच ह्यूज पेजेस राखून ठेवली. ती स्वॅप होत नाहीत, होस्टच्या इतर कामांना मिळत नाहीत. ब्राउझर उघडला की ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा) हजर.

थरावर_थर: मग राखून ठेवू नका, होस्टवर टीएचपी वापरा. आणि बलून (व्हीएमकडून मेमरी परत घेणारा ड्रायव्हर) बंद करा. तो ४ केबीची पानं काढतो, ह्यूज पेज फुटतं.

रात्रपाळी: बरं. होस्टवर आणि मध्ये 'ऑलवेज', आत 'मॅडव्हाइज' (फक्त मागेल त्या प्रोग्रामला). एवढं मान्य. पण भाड्याच्या क्लाउडवर होस्ट तुमच्या हातात असतो का? मग हा सल्ला कुणासाठी? मुळात नेस्टेड हवंच कशाला!

थरावर_थर: क्लाउडवर होस्ट हातात नसतो, हे खरं. पण सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) अँड्रॉइड एम्युलेटर चालवायचा, आणि रनर (ते काम चालवणारं मशीन) स्वतःच व्हीएम आहे. नेस्टेडशिवाय तो धड चालवून दाखवा, मग बोलू.